द्राक्षपानांच्या फोटोंचं लेबलिंग: हंगाम २०२४-२५ च्या प्रकल्प नोंदी

१० ऑक्टोबर २०२४

निफाड-दिंडोरी पट्ट्यात ऑक्टोबर छाटणी जोरात आहे. आधी छाटलेल्या प्लॉटांत पोंगे फुटलेत आणि त्यावर परतीचा पाऊस पडतोय. डावणीला, म्हणजे डाउनी मिल्ड्यू या बुरशीच्या रोगाला, आणखी काय हवं? आपलं काम ठरलंय: शेतकऱ्याने मोबाइलवर पानाचा फोटो काढला की डावणी आहे, भुरी आहे, करपा आहे, जिवाणू करपा आहे की नुसता फवारणीचा डाग आहे, हे सांगणारं मॉडेल. मॉडेलचा सांगाडा फुकट मिळतो, भाड्याचं जीपीयूही परवडतं. पैसा आणि वेळ जाणार तो फोटोंना नावं देण्यात. म्हणून ही वही फक्त लेबलिंगची.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात: तयार डेटासेट का वापरत नाही? प्लँटव्हिलेज सगळ्यांना माहीत आहे. १४ पिकांच्या पानांचे ५४,३०६ फोटो, आणि २०१६ च्या शोधनिबंधात त्यावर ९९.३५ टक्के अचूकता. पण त्याच निबंधात पुढे लिहिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. पान तोडून एकरंगी कागदावर ठेवून फोटो काढले की असंच होणार. २०२२ मध्ये एकाने पानाकडे न बघता फक्त पार्श्वभूमीचे आठ पिक्सेल मॉडेलला दिले, तरी ४९ टक्के उत्तरं बरोबर आली. म्हणजे मॉडेल बऱ्याच अंशी कागदच वाचत होतं.

आणि आपल्यासाठी त्याहून मोठी अडचण म्हणजे त्यात द्राक्षाचे वर्ग कोणते? ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी पान. नाशिकचा बागायतदार ज्यांच्यामुळे रात्री झोपत नाही त्या डावणी आणि भुरीचा त्यात पत्ताच नाही. तेव्हा फोटो आपले, लेबलंही आपलीच.

१४ ऑक्टोबर

आज दिवसभर एकच चर्चा झाली: लेबल म्हणजे नेमकं काय काढायचं?

टीममधल्या तरुण मुलांचा कल मास्ककडे आहे. प्रत्येक डागाची कडा काढायची, पिक्सेल अन् पिक्सेल. दिसायला सुंदर, पण हिशोब बघा. कोको हा रोजच्या वस्तूंच्या फोटोंचा डेटासेट करताना एक हजार वस्तूंच्या कडा काढायला २२ तास लागले, म्हणजे एका वस्तूला सुमारे ७९ सेकंद. सिटीस्केप्समध्ये रस्त्याच्या एका बारीक लेबल केलेल्या चित्राला सरासरी दीड तास. डावणीच्या एका पानावर असे पंधरा-वीस डाग असू शकतात आणि त्यांना नीट कडाच नसते. पिवळा रंग हळूहळू हिरव्यात विरत जातो. जी कडा निसर्गात नाही ती माणसाकडून काढून घ्यायची आणि त्याचे पैसे मोजायचे, हे मला पटत नाही.

चौकट त्याहून स्वस्त. आडवा-उभा माउस ओढून चौकट काढायच्या पारंपरिक पद्धतीला सुमारे ३५ सेकंद लागत. २०१७ मध्ये एक साधी युक्ती प्रसिद्ध झाली. चौकटीचे कोपरे हवेत असतात, ते शोधत बसू नका. वस्तूचं सर्वांत वरचं, खालचं, डावं आणि उजवं टोक एवढ्या चार जागी क्लिक करा. वेळ आला ७ सेकंदांवर आणि दर्जा तेवढाच राहिला. दहा हजार डाग धरले तर कोकोच्या वेगाने २२० तास, टोकांच्या क्लिकने साडेएकोणीस.

त्याहूनही स्वस्त म्हणजे टिंब. पास्कल या फोटोंच्या डेटासेटवरचा २०१६ चा अभ्यास माझ्या कायम लक्षात आहे: चित्रात काय काय आहे एवढंच सांगायला २० सेकंद, सोबत प्रत्येक प्रकाराच्या वस्तूवर एक टिंब ठेवायला २२ सेकंद, आणि पूर्ण कडा काढायला जवळपास चार मिनिटं. नुसत्या नावावर दोन सेकंद जास्त टाकले की जागाही कळते.

निर्णय: पानाला एक नाव आणि ज्या डागावरून ते नाव दिलं त्यावर एक टिंब. शेतकऱ्याला 'काय आहे' आणि 'आज फवारायचं का' एवढंच विचारायचं असतं, डागाचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये नको असतं. टिंबाचा आणखी एक उपयोग असा की लेबल चुकलं तर लावणाऱ्याने काय बघून चुकवलं ते आपल्याला दिसतं.

मास्क लागतील ते तीव्रता मोजायच्या वेळी. ते जानेवारीत बघू.

१८ ऑक्टोबर

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतायत आणि व्हॉट्सअ‍ॅप ते दाबून पाठवतं. भुरीची बारीक पावडर त्यातच पुसली जाते, शिवाय फोटोची वेळ आणि जागाही उडते. आजपासून गटातल्या सगळ्यांना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितलंय. एका भाऊंनी लगेच तसं करून दाखवलं, मग बाकीच्यांनीही.

२३ ऑक्टोबर

लेबलिंगचं साधन निवडलं. सीव्हॅट (इंटेलमध्ये तयार झालेलं, २०१८ पासून खुलं) आणि लेबल स्टुडिओ, दोन्ही आपल्या सर्व्हरवर चालवून बघितली. चौकटी आणि मास्कला सीव्हॅट हाताला चांगलं बसतं. आपल्या नाव-अधिक-टिंबाच्या कामाला लेबल स्टुडिओचा पडदा हवा तसा मांडता येतो, म्हणून ते घेतलं.

लेबलिंग करणाऱ्या सगळ्या ताई पिंपळगावच्या परिसरातल्या आहेत. बहुतेकींच्या घरच्या बागा आहेत, डावणी त्यांना पुस्तकात बघावी लागत नाही. त्यांच्या शेजारी बसून बघितलं तर वेळ विचार करण्यात जातच नव्हता. पुढचा फोटो उघडेपर्यंत थांबण्यात, मग माउसने यादी उघडून नाव निवडण्यात, मग 'सबमिट' शोधण्यात जात होता. तीन बदल केले. फोटोंची मध्यम आकाराची प्रत आधीच बनवून ठेवायची आणि मूळ फोटो झूम केल्यावरच आणायचा. पुढचे काही फोटो मागच्या मागे आधीच उतरवून घ्यायचे. आणि नावं आकड्यांच्या कळांवर: १ डावणी, २ भुरी, ३ करपा, ४ जिवाणू करपा, ५ फवारणीचा डाग, ६ निरोगी, ० सांगता येत नाही. डावा हात कळांवर, उजवा टिंबासाठी माउसवर.

यात कसलंही मशीन लर्निंग नाही. तरीही आजवरची सर्वांत मोठी बचत हीच आहे. कोणी लेबलिंग वेगाने कसं करायचं विचारलं तर मी आधी लेबल करणाऱ्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला सांगेन.

२ नोव्हेंबर, पाडवा

ताईंना भाऊबीजेनंतर यायला सांगितलंय. या सुट्टीत मी दुबार फोटोंचं काम काढलं.

शेतकरी एका पानाचे चार-पाच फोटो काढतो, हात हलला म्हणून, सावली आली म्हणून. सगळे पाठवतो. प्रत्येकाला पैसे मोजून लेबल लावण्यात अर्थ नाही. आधी पर्सेप्च्युअल हॅशने (दिसण्यावरून काढलेल्या फोटोच्या छोट्या खुणेने) अगदी सारखे फोटो बाजूला काढले. मग डायनोव्ही२ या आधीच शिकवलेल्या चित्र-मॉडेलमधून प्रत्येक फोटोची आकड्यांची ओळख काढली आणि जवळच्या ओळखीचे गट पाडले. प्रत्येक गटातला सर्वांत स्पष्ट फोटो लेबलिंगला जाणार, बाकीचे त्याच्याच नावाखाली राखून ठेवायचे. ढीग डोळ्यांदेखत कमी झाला.

इथे पैशांइतकंच महत्त्वाचं दुसरं काम आहे. एकाच पानाचे दोन फोटो, एक शिकवण्याच्या ढिगात आणि एक परीक्षेच्या ढिगात गेला की गुण फुगतात. म्हणून वाटणी फोटोनुसार करायची नाही, प्लॉटनुसार करायची. एका बागेचे सगळे फोटो एकाच बाजूला. प्लॉटचा क्रमांक नसलेला फोटो परीक्षेत घ्यायचाच नाही.

१२ नोव्हेंबर

कृषितज्ज्ञ मॅडम आज पूर्ण दुपार बसल्या. ताईंनी शून्य दाबलेले, म्हणजे 'सांगता येत नाही' असे फोटो आणि जिथे दोघींची उत्तरं वेगळी आली ते फोटो एकत्र पडद्यावर लावले.

जवळजवळ सगळा गोंधळ एकाच ठिकाणी होता: पानावरचं पांढरं. हे पांढरं चार प्रकारचं असतं. भुरी असते. डावणीची पानाखालची बुरशी असते. बोर्डो या मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्यातल्या चुन्याचा थर असतो. आणि भुकटी स्वरूपातल्या औषधाचा वाळलेला डाग असतो. मोबाइलच्या फोटोत चौघेही पांढरेच.

मॅडमनी एक पान हातात घेतलं, अंगठा फिरवला. "ही भुरी. बोटाला पिठासारखी लागते, आणि खालचं पान तपकिरी, जाळीदार दिसतं. आता हे बघा." दुसरं पान. "इथे पांढरं थेंबाच्या आकाराचं आहे, कडेला गडद वर्तुळ. आणि सगळे ओघळ पानाच्या टोकाकडे गेलेत. बुरशी टोकाकडे वाहत जात नाही, पाणी जातं. हा फवारा." मग तिसरं, वरून पिवळा तेलकट डाग. ते उलटं केलं, तर बरोबर त्याच जागी खाली पांढरी लव. "वर तेल, खाली कापूस. दोन्ही एकाच जागी असेल तरच डावणी म्हणा."

एका ताईंनी विचारलं, "मॅडम, पण डाग जुना झाला की खाली काहीच उरत नाही ना?" खरं आहे. हवा कोरडी पडली की लव वाळते आणि वर तपकिरी करपलेला डाग राहतो, तो करप्यासारखा दिसतो. यावर बराच वेळ गेला. शेवटी 'जुना डाग' असा वेगळा वर्ग करायचं ठरलं, कारण त्यावर शेतकऱ्याने करायची गोष्टही वेगळी आहे. तिथे जुन्या डागासाठी फवारणी करायची नसते, नवी फूट तपासायची असते. ७ ही कळ त्याला दिली.

हे सगळं मार्गदर्शिकेत गेलं. प्रत्येक वर्गाला तीन फोटो: अगदी ठळक, कसाबसा ओळखू येणारा, आणि तसा दिसणारा पण तसा नसणारा. तिसरा फोटो सर्वांत कामाचा. व्याख्या कितीही नेमकी लिहिली तरी माणूस शिकतो ते सीमेवरच्या उदाहरणांवरून.

१९ नोव्हेंबर

उद्या विधानसभेचं मतदान, सुट्टी. आजच फोटो काढायची नवी पद्धत गटावर पाठवली.

मागच्या बैठकीतून हे स्पष्ट झालं की बरेच फोटो असे आहेत ज्यांना जगातला कोणीही तज्ज्ञ नाव देऊ शकत नाही. हवी ती माहिती फोटोतच नाही. अशा फोटोवर तीन माणसं बसवली तर तीन अंदाज मिळतात आणि तिघांचे पैसे द्यावे लागतात. म्हणून आता जोडी मागायची: त्याच पानाची वरची बाजू, मग उलटी बाजू. पान हाताच्या पंजावर ठेवायचं, म्हणजे कॅमेरा मागच्या ओळीवर फोकस करत नाही. उन्हात उभं असाल तर अंगाची सावली पानावर पाडायची. शेवटची फवारणी कधी केली तेही एका ओळीत लिहायचं.

लेबल स्टुडिओत दोन्ही बाजू शेजारी शेजारी दिसतील असा पडदा केलाय.

२९ नोव्हेंबर

जोडीच्या फोटोंचा फरक लगेच दिसला. शून्याची कळ आता क्वचितच दाबली जाते. ताईंचा वेग वाढलाय, आणि त्यांना कामही आवडू लागलंय असं त्या स्वतःच म्हणाल्या. जिथे उत्तर सापडतं ते काम कंटाळवाणं वाटत नाही.

पहिलं मॉडेल शिकवलं. डायनोव्ही२ तसंच ठेवलं, वर फक्त एक साधा थर शिकवला. साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांचं काम. बागेत पाठवण्याइतकं चांगलं नाही, पण लेबलिंगला मदत करण्याइतकं नक्की आहे. आतापर्यंत ताई प्रत्येक फोटोला नाव देत होत्या. आता मॉडेल आधी नाव सुचवेल, ताई होय किंवा नाही म्हणतील.

त्याहून पुढचं पाऊल जाळीचं. मॉडेलला खात्रीने भुरी वाटलेली पानं एका पडद्यावर चोवीस, टिंबाभोवतीचा भाग मोठा करून. ताईंनी फक्त त्यात न बसणारी निवडायची. तेवीस भुरींत एक चुन्याचा ओघळ असला तर डोळा तिकडे आपोआप जातो. तांदूळ निवडणाऱ्या बाईला खडा शोधावा लागत नाही, तसंच.

ही सोय फक्त मॉडेलला खात्री असलेल्या फोटोंसाठी. शंकेचे फोटो एकेक करून, पूर्ण आकारात.

५ डिसेंबर

सुचवलेल्या नावाचा एक धोका आहे आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. पडद्यावर 'डावणी' लिहिलेलं असलं की माणूस डावणी शोधतो. दिवसाच्या अखेरीस थकल्यावर तर 'होय' दाबणं फारच सोपं. मग मॉडेलच्या चुका माणसाच्या शिक्क्यानिशी परत मॉडेललाच शिकवल्या जातात आणि त्या चुका पक्क्या होतात.

उपाय म्हणून दहातल्या एका फोटोवर सूचना दाखवायची नाही. त्या फोटोंवरची उत्तरं आणि सूचनेसह दिलेली उत्तरं यांत दर आठवड्याला किती अंतर पडतं ते बघायचं. शिवाय काही फोटोंवर मुद्दाम चुकीची सूचना ठेवायची. हे ताईंना आधीच सांगितलंय, कोणते फोटो ते मात्र सांगितलेलं नाही. लपवून सापळे लावले तर ती परीक्षा होते. सांगून लावले तर सगळ्यांचंच लक्ष जागं राहतं. एकीने सुचवलं की सूचना आधी न दाखवता आपण उत्तर दिल्यावर दाखवावी, म्हणजे मत आपलं राहील. शंकेच्या फोटोंसाठी तीच पद्धत घेतली.

१३ डिसेंबर

थंडी पडली. डावणी ओसरली, भुरीचे फोटो येऊ लागले.

अ‍ॅक्टिव्ह लर्निंग सुरू केलं: कोणत्या फोटोला लेबल लावायचं ते मॉडेलला विचारायचं. कल्पना जुनी आहे, मजकुराच्या वर्गीकरणासाठी १९९४ मध्येच मांडली गेली होती. ज्यावर मॉडेलची खात्री सर्वांत कमी, तो फोटो आधी.

पण निव्वळ 'कमी खात्री'वर निवड केली तर काय वर येतं ते आज उघडून बघितलं. हललेले फोटो, बोट मध्ये आलेले फोटो, रात्री बॅटरीच्या उजेडात काढलेले फोटो, आणि एकाच बागेतली एकसारखी वीस पानं. मॉडेल गोंधळतं हे खरं, पण या फोटोंना लेबल लावून ते काही शिकणार नाही. म्हणून आधी धूसर फोटो गाळायचे. मग शंकेचे फोटो घेऊन त्यांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटातून थोडेच उचलायचे. आणि प्रत्येक खेपेला काही फोटो निव्वळ चिठ्ठ्या टाकून निवडायचे. मॉडेल स्वतःच्या शंका ओळखतं, पण जे त्याने पाहिलंच नाही त्याबद्दल त्याला शंका येतेच असं नाही. हंगाम बदलताना नेमकं तेच घडतं.

जिवाणू करपा सर्वांत दुर्मीळ. त्यासाठी वेगळा मार्ग काढला: मॅडमनी खात्रीने सांगितलेली मोजकी पानं घेतली, त्यांच्या जवळच्या ओळखीचे फोटो संपूर्ण साठ्यातून शोधले, आणि फक्त तेवढेच ताईंपुढे ठेवले. सगळा ढीग चाळत बसलो असतो तर एका जिवाणू करप्याच्या पानामागे शेकडो निरोगी पानांचे पैसे गेले असते.

२० डिसेंबर

एका फोटोला किती जणींनी बघावं? पूर्वी सरसकट तिघी बघत होत्या. आता दोघी, आणि दोघींचं जमलं नाही तर तिसरी. तरीही मिटलं नाही तर मॅडम. मॅडमचा तास सर्वांत महाग, आणि त्यांना तो बागांमध्येही द्यायचा असतो. त्यामुळे त्यांच्यापुढे जाणारा प्रत्येक फोटो खरोखर अवघड असायला हवा.

बहुमत नेहमी बरोबर नसतं. एक ताई भुरी लवकर ओळखतात, पण करप्याला कधी कधी जुनी डावणी म्हणतात. दुसरीचं उलट आहे. प्रत्येकीचा कल हिशोबात घेऊन खरं उत्तर काय असावं ते काढायची रीत डॉविड आणि स्कीन यांनी १९७९ मध्ये दिली. त्यांच्यासमोर पाच भूलतज्ज्ञांची एकाच रुग्णांबद्दलची मतं होती. तेच गणित आज आपल्या पानांवर चालवलं. ते नुसतं उत्तर देत नाही, कोणाला कुठल्या दोन वर्गांत गोंधळ होतो तेही दाखवतं. त्यावरून मार्गदर्शिकेत करपा आणि जुनी डावणी यांचे आणखी जोडफोटो घातले. ताईंना गुणपत्रिका वाटली नाही, वाटणारही नाही. हा आकडा मार्गदर्शिका कुठे अपुरी पडते ते सांगतो.

६ जानेवारी २०२५

पैसे पुरवणाऱ्यांशी बोलणं झालं. त्यांनी विचारलं, "प्रति फोटो दर का नाही देत? अजून स्वस्त पडेल."

मी ठामपणे नाही म्हटलं, आणि कारण इथे लिहून ठेवतो. प्रति फोटो दर दिला की सोपा फोटो पटकन उरकतो आणि अवघड फोटोवर थांबणाऱ्या माणसाला शिक्षा होते. आपल्याला तर नेमकं त्या अवघड फोटोवर थांबणंच विकत घ्यायचं आहे. ज्या बाईने पान उलटं करून बघितलं, झूम केलं आणि शेवटी शून्य दाबलं, तिने सर्वांत प्रामाणिक काम केलं. प्रति फोटो हिशोबात मात्र तिची कमाई सर्वांत कमी.

जगभर हे घडलंय. २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉन मेकॅनिकल टर्क या छोट्या कामांच्या ऑनलाइन बाजारातल्या २,६७६ कामगारांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मध्यक कमाई तासाला सुमारे २ डॉलर निघाली. काम शोधण्यात आणि नाकारलेल्या कामांत गेलेला वेळ कोणी मोजतच नव्हतं. इमेजनेटसारखे लेबल लावलेल्या फोटोंचे डेटासेट याच बाजारात तयार झाले, आणि आजचं सगळं दृष्टीचं मशीन लर्निंग त्यांच्यावर उभं आहे. त्या कामाचं मोल मी कमी करत नाही. पण खर्च कमी करायचा तर तो या टोकाकडून करायचा नाही.

आपली बचत कुठून झाली तेच त्यांना दाखवलं: दुबार फोटो, ओळखता न येणारे फोटो, थांबण्यात जाणारा वेळ, गरज नसलेल्या कडा. ताईंचा दर तासावरच राहील. वेग वाढल्यावर त्यांच्या तासाला जास्त पानं होतात. त्या बचतीतला वाटा म्हणून दर थोडा वाढवायचा प्रस्तावही ठेवला. मान्य झाला.

२२ जानेवारी

तीव्रतेचं काम. पानाचा किती टक्के भाग रोगट, हे काही निवडक पानांसाठी हवं आहे.

सॅम हे क्लिकवरून वस्तूची कडा काढणारं मॉडेल वापरून बघितलं, मेटाने एप्रिल २०२३ मध्ये खुलं केलेलं. त्याचा डेटासेट उभारण्याची रीतच शिकण्यासारखी आहे. आधी माणसं मॉडेलच्या मदतीने मास्क काढत होती, त्यावर मॉडेल पुन्हा शिकत होतं, आणि एका मास्कचा वेळ ३४ सेकंदांवरून १४ सेकंदांवर आला. पुढे माणूस बाजूला झाला आणि १.१ अब्ज मास्क तयार झाले.

आपल्या पानांवर निकाल असा: पूर्ण पानाची कडा एका क्लिकमध्ये, दातेरी काठासकट, सुरेख. भुरीचा ठळक ठिपकाही बऱ्यापैकी. डावणीचा तेलकट डाग मात्र नाही. एका क्लिकला अर्धं पान धरतो, दुसऱ्याला नुसती शीर. कडाच धूसर, तर तो तरी काय करणार?

तेव्हा डागांसाठी दुसरा मार्ग घेतला. सॅमने काढलेल्या पानावर टिंबांची सारख्या अंतराची जाळी पसरायची आणि प्रत्येक टिंब रोगावर पडतं की निरोगी भागावर एवढंच विचारायचं. शंभर टिंबांतली अठरा रोगावर, तर सुमारे अठरा टक्के. सूक्ष्मदर्शकाखाली ऊती मोजणारे लोक हे फार पूर्वीपासून करत आले आहेत. होय किंवा नाही एवढंच उत्तर, दोन कळा, कडा कुठेच काढायची नाही.

४ फेब्रुवारी

आधी लागलेल्या लेबलांची झाडाझडती. २०२१ मध्ये दहा प्रसिद्ध चाचणी-संचांची अशी तपासणी झाली होती. सरासरी ३ टक्क्यांहून अधिक लेबलं चुकीची निघाली, आणि इमेजनेटच्या तपासणी-संचात किमान ६ टक्के. तिथे तसं असेल तर आपल्याकडे शून्य असेल असं धरून चालणार नाही.

पद्धत सरळ आहे. लेबलांचे पाच भाग करायचे, चार भागांवर मॉडेल शिकवायचं आणि उरलेल्या भागावर विचारायचं, असं पाचही भागांचं. जिथे माणूस एक म्हणतो आणि मॉडेल मोठ्या खात्रीने दुसरं म्हणतं, ते फोटो यादीत सर्वांत वर. यादीचा फक्त वरचा भाग बघायचा, बघितलेल्यांपैकी निम्म्या फोटोंवर माणसाचंच लेबल बरोबर निघू लागलं की थांबायचं.

वर आलेल्यांत एक गट लक्ष वेधणारा होता. वेली फुलोऱ्यात असताना काढलेल्या पानांवर परागाची पिवळसर धूळ, आणि तिला भुरीचं नाव. मार्गदर्शिकेत फवारणीच्या डागाशेजारी हा फोटोही लावला.

२४ फेब्रुवारी

काढणी सुरू आहे. ताईंपैकी काहींना पॅकिंगच्या कामाला घरच्या बागेत जावं लागतंय, त्यामुळे काम सकाळच्या दोन तासांवर आणलं.

परीक्षेचा संच आज बंद केला. यावर मात्र कसलीही काटकसर नाही: प्रत्येक पान तिघींनी सूचना न बघता पाहिलेलं, नंतर मॅडमनी पाहिलेलं, आणि शिकवण्यात अजिबात न आलेल्या बागांमधलं. त्यात तासगावकडचे फोटोही घेतले. तिकडची माती वेगळी, जाती वेगळ्या, फवारणीचं वेळापत्रक वेगळं. स्वस्त लेबलांनी मॉडेल शिकवता येतं, पण ते खरंच शिकलं का हे कळायला महागडी लेबलंच लागतात.

तासगावच्या पानांवर डावणी आणि जुना डाग यांत मॉडेल अजून गडबडतं. पुढच्या खेपेला लेबलिंगचे तास तिकडे वळवायचे.

१७ मार्च

एप्रिलच्या खरड छाटणीआधीची कामं. पावसाळ्यात तांबेरा येईल आणि आपल्या यादीत तो वर्ग नाही. मॅडमकडून जुने फोटो मागवलेत, ८ ही कळ त्यासाठी राखून ठेवली. फोटो काढायची पद्धत घडांसाठी वेगळी लिहावी लागेल. घडाची उलटी बाजू कशी दाखवायची यावर दोन ताई उद्या बागेत जाऊन करून बघणार आहेत, त्यांचा बागेतला वेळही तासाच्या दरातच धरायचा. दिंडोरीच्या गटाने विचारलं की मार्गदर्शिका छापून मिळेल का, लेबलिंगसाठी नव्हे, बागेत खिशात ठेवायला. पांढऱ्याच्या चार प्रकारांचं पान आधी छपाईला द्यायचं.